गोदाचा कोरा हात

नाही, वासरू मिळणार नाही — बसा की, दारापुढच्या तिण्णैवर बसा, पायरीवर उभे का? आपल्यातले आहात म्हणून मराठीत बोलत्ये, सुंदरेशराव, नाहीतर तमिळात दोन शब्द सांगून दार लावलं असतं. ठाऊक आहे हो, लशीसाठीच ना? देवीची साथ पुन्हा आली, मद्रासेत लस करायला वासरं कमी पडतात — मामांगम जत्रेच्या साली हेच सांगून थोरलं नेलंत. परत आणून बांधलंत, शब्दाला जागलात, खोटं कशाला बोलू? पोट भादरलेलं, त्यावर ओळीनं वण. आमच्या घरचे कुरकुरले, गाईच्या पोराला असं चिरतात काय म्हणून. मीच म्हटलं, चिरू द्यात, त्याच लशीनं आपली लेक गोदा वाचेल.

मग आली की लस! आधी उत्तरेला गेली, मोठ्या शहरांना गेली, आम्हाला सर्वांच्या मागून. पेटी रेल्वेतून उतरली तेव्हा आतल्या बर्फाचं पाणी झालेलं — हमालाचा खांदा भिजला म्हणे. तसंच टोचलं गोदाला. मी रोज हात बघत्ये — फोड नाही, वण नाही, कोरा! आणि मी काय केलं? गोडाचं पायसम केलं! लग्नाची पोर, दंडावर डाग राहिला नाही म्हणून. फोड उठला नाही म्हणजे लस मेलेली, हे कोण सांगणार मला? डॉक्टरांनी सांगितलं, पण गोदा गेल्यावर.

टोचलंय ना, मग भय कसलं — म्हणून मरुदानल्लूरला भजनाला धाडली. तिथं घरोघर देवी आलेल्या, आम्हाला ठाऊक होतं! टोचलं नसतं तर उंबरा ओलांडू दिला असता होय मी? वासराच्या पोटावर उठलं ते तिच्या दंडावर उठलं नाही, आणि मग उठलं ते सगळ्या अंगावर — डोळे उघडेनात. विचारायची, "आई, मला तर टोचलंय ना?"

लस नाही तर नाही म्हणा हो! संपली म्हणा, आली नाही म्हणा. आई लेकराला पोटाशी धरून कुठंतरी पळेल, दार लावून बसेल. बर्फ वितळलेल्या पेटीतली टोचू नका — एवढं मद्रासेत सांगाल? ... तुमच्या हातात नाही. बरं. कोणाच्याच हातात नसतं ते.

— रडतंय ते? शेजारच्या अलमेलूचं तान्हं. त्याला टोचायचंय अजून. लस येईल तेव्हा.

उठा. उठा म्हणत्ये! हे घ्या दावं, धरा नीट. गाय हंबरेल, तिच्याकडे बघू नका. कापी? आज घोटभर कापी नाही मिळणार. जा. मी दार लावून घेत्ये.