सगळ्या वायरी पांढऱ्या

हवानात पावाच्या रांगेत उभ्या ओदालिससमोरच एक जुनी अमेरिकन टॅक्सी बंद पडली. बॉनेट उघडून ती चालवणारे बहीणभाऊ भांडू लागले.

“हॉर्न दाबला की दिवे जातात, इंजिनही बंद! सगळ्या वायरी पांढऱ्या, कुठली कशाची कसं कळणार?”

“बाबांनी वायरिंग केलं तेव्हा त्यांना एकच भेंडोळं मिळालं होतं, एलिएसेर.”

“आणि एक खूण न करता म्हातारा मायामीला पळाला!”

“मग फोन लाव त्यांना.”

“मेलो तरी लावणार नाही.”

“मग ढकल गाडी जन्मभर!”

“मायडे, आईच्या मातीला आला नाही तो. आता त्याला काय विचारू? दिव्याची वायर कुठली?”

“तेच विचार. तेवढ्याचं तरी उत्तर देता येईल त्यांना.”