मोठ्या अक्षरांची यादी

हसायचं तर हसा, पण हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय. आमचा दोस्त वामन गेल्या महिन्यात वारला. पेन्शनच्या यादीत त्याच्यापुढे 'मृत' लागलं का, ते बघायला मी आणि नामदेव इतवाऱ्यात कल्पनाच्या ऑनलाइन दुकानात गेलो. स्क्रीनवरची बारीक अक्षरं मला काही दिसेनात.

"बाई, अक्षरं मोठी कर."

तिनं केली, तर 'मृत' माझ्या नावापुढे!

"घबराओ मत बाबा. अक्षरं वाढली की तो रकाना खाली सरकतो. हे बघा." तिनं आणखी वाढवली. शब्द खाली उतरला आणि नामदेवपुढे जाऊन थांबला.

नामदेवचं तोंड पांढरं पडलं. "लहान कर," तो म्हणाला. "आधी लहान कर."

तिनं केलं. शब्द मुकाट्यानं वामनपुढे परत गेला.

"मशीनचा खेळ आहे, बाबा. तुम्ही म्हातारे उगाच भिता."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "खेळ ना? मग अजून एक घर वाढव. नामदेवच्या खाली तुझ्या सासऱ्याचं नाव आहे."

बाहेर ओट्यावर तिचा सासरा खोकला.

कल्पनानं कॉम्प्युटरच बंद केला.