वरची किल्ली

सून: दोन्ही फोन एकदम वाजतायत, अहो! कुठला उचलू?

मुलगा: आरोग्य खात्याचा आधी. तो नाही उचलला तर दंड करतात. दाराशी ठेव, मागे सरक, मग मी कडी काढतो.

सासू: सहा दिवस हे असंच चाललंय. कोंबडीला दाणे टाकावेत तसं पोराच्या दाराशी ताट ठेवायचं आणि पळायचं.

सून: आई, तुम्ही छकुलीला धरा. ती दाराकडे निघालीय.

मुलगा: झालं बोलून. ते म्हणतात, चौदा दिवस पुरे होईपर्यंत मी उंबरा ओलांडायचा नाही. काहीही झालं तरी.

सून: आणि या दुसऱ्या फोनवर वादळवाले म्हणतायत, समुद्राकडचे तळमजले चारच्या आत रिकामे करा. काहीही झालं तरी.

सासू: त्या दोघांना एकमेकांचा नंबर द्या. आपापसात भांडून काय ते ठरवू देत, तोवर मी पोरीला भरवते.

मुलगा: थट्टा नको आई. चौकात बस येतेय, शाळेत नेऊन ठेवणार आहेत. बसच्या दारात नाकात काडी घालून तपासतात. एक रेघ आली तर आत, दोन आल्या तर परत घरी. तुम्ही तिघी निघा.

सून: आणि तुम्ही?

मुलगा: माझ्या दोन रेघा सगळ्या खात्याला माहीत आहेत. मी इथेच.

सासू: आणि पाणी आत आलं म्हणजे?

मुलगा: कपाटावर चढून बसेन.

सासू: त्या कपाटावर? मी नुसतं फडकं फिरवलं तरी डुगडुगतं ते. तुझं धूड घेईल होय?

मुलगा: मागच्या वेळी गुडघ्याच्या वर पाणी आलं नव्हतं.

सून: मागच्या वेळी वादळ वळून गेलं होतं. आज सरळ इकडेच येतंय. रेडिओवर माणसाच्या उंचीचं पाणी म्हणाले. आणि खिडक्या तर तेव्हापासूनच तुम्ही बाहेरून ठोकून ठेवल्यात. भर दुपारी दिवा लावून बसलोय आम्ही, बिळातल्या उंदरांसारख्या.

मुलगा: फळ्या बाहेरूनच ठोकायच्या असतात. आतून ठोकल्या तर वारा उपटून नेतो.

सून: वरच्या मजल्याला काय ठोकलंत?

मुलगा: आता तो विषय कशाला?

सून: सांगा ना आईंना. वरच्या आठ खिडक्यांना नवं कोरं प्लाय. बोटाएवढं जाड. आणि आपल्या दोन खिडक्यांना शीतगृहातल्या माशांच्या खोक्यांच्या फळ्या. वास अजून जात नाही.

मुलगा: साहेबांनी प्लाय वरच्यासाठीच पाठवलं होतं.

सासू: वर राहतं कोण?

मुलगा: तुला माहीत आहे आई, कुणी नाही.

सासू: माहीत आहे, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय. चार खोल्या, चौदा महिने, कुणी नाही. शेवटच्या विमानानं गेला तुझा साहेब, बायको, दोन पोरं आणि कुत्रं घेऊन. कुत्र्याला विमानात जागा मिळाली. मी तीन महिन्यांचं तिकीट काढून सुनेच्या बाळंतपणाला आले, तर माझं परतीचं विमान रद्द. पोर चालायला लागली आणि मी अजून पाहुणीच.

सून: किल्ली फ्रिजच्या बाजूला खिळ्यालाच आहे, आई.

मुलगा: किल्लीचं नाव काढायचं नाही!

सासू: खोकू नकोस ओरडून. पाणी पी.

मुलगा: ती विश्वासानं दिलीय त्यांनी. दर रविवारी झाडांना पाणी घालायचं, नळ सोडायचे, दहा मिनिटं एसी चालवायचा. बस्स. एवढंच ठरलंय.

सून: एसी कशासाठी? ते पण सांगा.

मुलगा: बुरशी धरू नये म्हणून.

सून: आणि इथे पाळण्यामागची भिंत बघा. हिरवीगार.

मुलगा: मी काय करू? हॉलमध्ये कॅमेरा आहे. ते तिकडे बसून बघतात. पुढच्या महिन्यात माझा करार नवा व्हायचाय, सही त्यांची. आपले पासपोर्ट त्यांच्याच कपाटात. सही झाली नाही तर तीस दिवसांत देश सोडायचा.

सासू: सोडू की! मी आत्ता पिशवी भरते.

मुलगा: कशानं सोडशील? विमानं कुठे आहेत?

सासू: म्हणजे राहायची परवानगी नाही आणि जायला वाट नाही. वा रे देश!

सून: साडेतीन झाले. काय ते ठरवा.

मुलगा: ऐक. तुम्ही बसनं जा. मी साहेबांना विचारतो. हो म्हणाले की लगेच वर जाईन. चार खोल्या आहेत, माझ्यापासून कुणाला त्रास नाही. मग तर झालं?

सून: नक्की विचाराल?

मुलगा: आत्ता विचारतो. जा तुम्ही. छकुलीचं दूध घे. आईला छत्री दे.

सासू: दाराला हात लावते रे बाहेरून. तू आतून लाव.

मुलगा: लावलाय.

(सव्वाचार. बाहेरचं दार धाडकन उघडतं. वारा आत घुसतो. बाळ रडतंय.)

मुलगा: कोण आहे?

सून: कोण असणार? समुद्र काही दार वाजवून यायचा नाही.

मुलगा: परत का आलात? बस?

सून: गेली.

मुलगा: छकुलीच्या दोन रेघा?

सून: छकुलीची एक. माझी एक. तुमच्या मातोश्रींच्या दोन. ठसठशीत, गेरूनं ओढल्यासारख्या.

मुलगा: कसं शक्य आहे? खोली वेगळी, संडासला मी गेलो की तुम्ही अंगणात, ताट वेगळं...

सून: ताट वेगळंच होतं हो. ते उचलायचं कोण?

सासू: मीच. कढत पाण्यानं घासत होते. साबण लावून.

सून: घासायच्या आधीचं सांगा.

सासू: आधीचं काय? ताप होता त्याला, अन्न जात नव्हतं. अर्धाअर्धा भात तसाच टाकायचा, वर अख्खं अंडं. ते काय मोरीत लोटायचं? मैल मैल रांगेत उभी राहून तू आणतेस तांदूळ, तोही आठवड्यातून एकाच वाराला.

मुलगा: आई, तू माझं उष्टं खाल्लंस? सहा दिवस?

सासू: तुला दात आल्यापासून खातेय. आजवर काही झालं नाही.

मुलगा: अगं, हा रोग आहे!

सासू: गोवर पण रोगच होता.

सून: मोरीजवळ माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. मला वाटायचं, मुलासाठी रडतायत. म्हणून मी तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं. आणि या घास मोडत होत्या!

मुलगा: बरं, आईच्या दोन रेघा. मग तू का उतरलीस? बाळाला घेऊन जायचंस ना!

सून: चढले होते. सीटवर बसले पण होते. खिडकीतून बघते तर या रस्त्याच्या मधोमध उभ्या, छत्रीचं फूल झालेलं, आणि हातानं मला जा जा करतायत.

सासू: मग? जाच म्हणत होते मी.

सून: जा म्हणताना तोंड उलट्या दिशेला होतं तुमचं. घर कुठल्या गल्लीत ते माहीत होतं का? चौदा महिन्यांत चौकाच्या पुढे गेला नाहीत कधी. इथली भाषा येत नाही, नंबर पाठ नाही, आणि आज रस्त्यावर विचारायला चिटपाखरू नाही. प्रेमबिम समजू नका. तुम्ही हरवला असता तर मला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

सासू: प्रेम कोण म्हणालं? बाळाचे कपडे बदल आधी, गारठलीय.

सून: हे काय? पायपुसणं का ओलं झालं?

सासू: छत्रीचं पाणी असेल.

सून: छत्री तिकडे आहे. आई, दाराखालून येतंय. बघा, फेस आहे त्याला.

सासू: जीभ लावू का?

सून: जीभ कशाला लावता? खारंच आहे. अहो, साहेब काय म्हणाले?

मुलगा: फोन उचलत नाहीत. तिकडे आता रात्र असणार.

सून: निरोप टाकला?

मुलगा: टाकलाय. उत्तर येईल.

सून: फोन सरकवा इकडे.

मुलगा: कशाला? विषाणू असतात त्यावर.

सून: तुमच्या आईनं पोटात घातलेत, मी हातात घेते. सरकवा म्हणते ना!

सासू: दे रे. उगाच चिडवू नकोस तिला.

सून: हा निरोप आजचा नाही. काल सकाळी विचारलंय. आणि उत्तरही कालच आलंय.

सासू: काय म्हणतो? मोठ्यानं वाच. आपल्या भाषेत.

सून: म्हणतो, तुमची परिस्थिती कळते, पण घर मोकळं राहिलेलं बरं. तुला आजार आहे आणि गालिचा नवा आहे. सगळ्यांनी सांभाळून राहा. खाली यांचं उत्तर. ठीक आहे साहेब. आभारी आहे.

सासू: आभार? कशाचे आभार मानलेस रे?

मुलगा: तशीच लिहायची पद्धत असते.

सून: म्हणजे मघाशी आत्ता विचारतो म्हणालास, तेव्हा त्याचा नकार आलेलाच होता. आम्ही मुकाट निघावं म्हणून खोटं बोललास. आणि स्वतः त्या डुगडुगत्या कपाटावर बसणार होतास, बाहेरून ठोकलेल्या खोलीत!

मुलगा: निदान तुम्ही तिघी तरी...

सून: मरायला तयार झालास तू. पण त्याच्या गालिच्यावर पाय ठेवायला तयार नाहीस!

सासू: अहो जाऊन तू झालं गं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा ऐकलं. बरं वाटलं कानाला.

मुलगा: तुम्हाला कळत नाही! शीतगृहात माझ्या हाताखाली चार जण होते, त्यातल्या तिघांचे करार मोडले. एक जण अजून बंदरावरच्या गोदामात झोपतो. त्यानं काय केलं होतं? रजा मागितली होती. नुसती रजा! माझ्या करारावर सही नाही झाली तर आपणही तिथे. बाळासकट. मी रोज रात्री हाच हिशेब करतो, आणि रोज उत्तर एकच येतं. चूप बसायचं.

सासू: झालं तुझं? घोट्याला आलंय पाणी. बाहेर ये.

मुलगा: मी आलो तर तुम्हाला...

सासू: तोंडाला फडकं बांध आणि बाहेर ये. मला लागलाय तुझा रोग, आता मला काय घाबरवतोस! सूनबाई, छकुलीला चादरीत बांध आणि पाठीला घे. दुधाचा डबा घे. किल्ली माझ्याकडे दे.

मुलगा: आई, किल्ली नको. तू उघडलंस तरी नाव माझंच येईल.

सासू: सांग त्याला, म्हातारीनं ऐकलं नाही. माझा कुठे करार आहे? माझी कुठल्या कागदावर सही आहे? मला कामावरून काढतो म्हणावं.

सून: चला. जिना बाहेरून आहे, कठडा सोडू नका. आई, तुम्ही मध्ये.

मुलगा: मी मागे राहतो. लांबून येतो.

सासू: लांबून नको, हात धर! पडले तर कोण उचलणार? वारा बघ कसा... पायरी मोज, मला दिसत नाही.

मुलगा: अजून सहा. पाच. थांब. आता चल.

सून: किल्ली फिरत नाही!

मुलगा: उलटी फिरव. आधी दार स्वतःकडे ओढ, मग फिरव. हां.

सून: आत या, लवकर. ढकला दार. अजून जोरात!

सासू: लागलं. बाई बाई. केवढं घर हे! कोरडं ठणठणीत. वास सुद्धा कशाचा येत नाही.

मुलगा: थांबा, गालिच्यावर नको. पाय ओले आहेत. मी गुंडाळतो आधी.

सून: गुंडाळ. आणि त्यावरच झोप.

सासू: करू दे गं त्याला. तो लाल ठिपका तोच का?

मुलगा: तोच कॅमेरा. बोलू नकोस तिकडे बघून, आवाजही जातो.

सासू: जाऊ दे की. ऐक रे बाबा, तुझं काही न्यायला आलेलो नाही. पाणी ओसरलं की उतरू. तुझी झाडं छान आहेत. माझ्या पोरानं जगवलीत.

सून: दिवा गेला.

मुलगा: सगळ्या भागातली वीज गेली. बघ, ठिपकाही विझला.

सासू: बरं झालं. आता रेघवाल्यांनी आतल्या खोलीत जायचं, तू आणि मी. सूनबाई, तू हॉलमध्ये सोफ्यावर पोरीला घे. दार लावून घेते मी.

सून: खाली काहीतरी तरंगून आपटतंय. ऐकू येतंय का?

मुलगा: कपाट असेल.

सासू: लक्ष नको देऊ. तू कुठे गेलास रे? अंधारात दिसत नाहीस.

मुलगा: इथे आहे. भिंतीशी.

सासू: खाली? फरशीवर? एवढा मोठा पलंग आहे, हाताला लागला माझ्या. ताप आहे तुला, वर आडवा हो.

मुलगा: कपडे ओले आहेत.

सासू: गादी वाळेल. ठिपका विझला, साहेब झोपला, बाहेर जग बुडतंय. आता कोण बघतंय तुला?

मुलगा: कुणी नाही. माहीत आहे.

सासू: मग?

मुलगा: इथेच बरं आहे, आई. तू कुठे बसलीयस?

सासू: मी होय? ...मी पण खालीच.