बाईंच्या टेबलावर न वाजलेली घंटा

खट्... आणि मग कानाच्या आतल्या आत एक बारीक घरघर. फार जुना आवाज आहे हा. माझी अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. मी तिचा डबा घेऊन जायचो, तेव्हा ती डोक्यावर हेडफोनचा लोखंडी पट्टा चढवून बसलेली असायची. दोरीच्या टोकाची पितळी खुंटी ती समोरच्या भोकात सारायची, खट्, की दोन घरं एकमेकांशी बोलायला लागायची. आज सकाळपासून हा आवाज कानातून जात नाहीये, म्हणून आधी तो तुमच्या हवाली केला. आता रीतीनं सुरुवात करतो.

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या वृद्धनिवासाचे सचिवसाहेब, विश्वस्त मंडळाचे मान्यवर सदस्य, स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आलेल्या मावशी, चाकाच्या आणि बिनचाकाच्या खुर्च्यांवर बसलेले माझे सहनिवासी, आणि जिथं गुच्छ ठेवलाय त्याच्या मागे जवळजवळ दिसेनाशा झालेल्या आपल्या मोठ्या नर्सबाई, आपणां सर्वांना या कवितामास्तराचा नमस्कार.

मला सांगण्यात आलंय की दोन गोड शब्द बोला आणि एखादी कविता म्हणा. हुकूम अर्धा मान्य आहे. कवितेचं बाईंना ठाऊकच आहे. माझ्या दंडातून रक्त काढताना त्या म्हणायच्या, "मास्तर, होडीची म्हणा." मी डोळे मिटून पाचवीतली होडी पाण्यात सोडायचो आणि दुसरं कडवं संपायच्या आत सुई बाहेर आलेली असायची. एकदा मी कडवं विसरलो, तर म्हणाल्या, "आता काय मी सुई धरून बसू? पहिलंच परत म्हणा." अशा बाई! आज मात्र होडी नाही.

आजच्या पत्रिकेत छापलंय की बाई वैयक्तिक कारणास्तव निवृत्ती घेत आहेत. अध्यक्ष महोदय, आपला पूर्ण आदर राखून विचारतो, ही व्यक्ती कोण? आणि कारण कुणाचं?

सचिवसाहेब, घड्याळ दाखवू नका, इतक्या लांबचं मला दिसत नाही.

आपले टेलरमास्तर जाऊन अजून त्यांच्या खोलीची खिडकीसुद्धा कुणी उघडलेली नाही. या इमारतीत मास्तर दोन. मी शाळेचा, ते कपड्यांचे. कुणी "मास्तर" म्हणून हाक मारली की आम्ही दोघंही वळायचो, आणि हाक बहुतेक त्यांना असायची, कारण कवितेवाचून कुणाचं अडत नाही, बटणावाचून अडतं. मी त्यांना संध्याकाळवरची एखादी ओळ ऐकवायला गेलो, की ते चष्म्यावरून बघायचे. "ओळ राहू दे रे. ती कॉलर बघ, कशी लोंबतेय. काढ सदरा." अध्यक्ष महोदय, आपल्या अंगावरच्या या कोटाचं अस्तरही त्यांनीच बदललेलं आहे.

आता त्या दोन दिवसांकडे येतो. सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सलग कुणीच सांगितलेलं नाही.

आपल्या मुलांशी आपण पडद्यावर बोलतो. ते चित्र सारखं अडकायचं. नातवंडं अर्धी हलायची, अर्धी गोठायची. खिडकीजवळच्या आजींची लेक तर तोंड उघडं ठेवूनच थांबली होती. आजी तिला म्हणाल्या, "दात किडलाय गं तुझा, दाखवून घे." आपण हसलो. पण खोलीत गेल्यावर कोण हसलं? आपण सगळ्यांनी मिळून सचिवसाहेबांच्या मागे भुणभुण लावली. ते हाडाचे इंजिनिअर. त्यांनी नवा राउटर आणला, स्वतः शिडीवर चढून बसवला, घामानं निथळले. हे त्यांनी आपल्या मायेपोटी केलं, आणि हे या व्यासपीठावरून बोललंच पाहिजे.

मग बिघडलं काय? ते समजायला मला अक्काकडेच जावं लागतं.

त्या काळी आमच्याकडे कुणी नंबर सांगायचं नाही. लोक नाव सांगायचे. "अगं, डॉक्टरांकडे लाव." "माझ्या मेहुण्याला दे." कुठलं नाव कुठल्या भोकात, हे अक्काच्या डोक्यात होतं. परगावचं नाव आलं, की ती शहरातल्या मोठ्या एक्स्चेंजला विचारायची आणि ते सांगतील तसं जोडून द्यायची. राउटरचं कामही तेच. यंत्र नाव विचारतं, राउटर पत्ता मिळवून देतो. स्वतःला माहीत नसेल तर बाहेरच्या मोठ्या यंत्राकडे विचारणा पुढे पाठवतो. या पुढे पाठवण्याला ती मंडळी डीएनएस फॉरवर्डिंग म्हणतात. नाव अवघड, काम अक्काचं.

पण अक्कानं गावातल्या डॉक्टरांचं नाव कधी शहराला विचारलं नाही. शहराला काय ठाऊक आमचे डॉक्टर?

आपल्या प्रत्येक पलंगाशी घंटेची पेटी आहे. बटण दाबलं की पेटी राउटरला विचारते, "मदतीचं टेबल कुठंय?" जुन्या राउटरला हे नाव शिकवलेलं होतं. तो पत्ता सांगायचा आणि बाईंच्या टेबलावर घंटा वाजायची. नव्याला सांगितलं गेलं, जे नाव येईल ते बाहेर पाठव. त्यानं मुकाट ऐकलं. आपल्या घरातलं नाव त्यानं बाहेरच्या जगाला विचारलं, आणि जगानं उत्तर दिलं, असं कुणी नाही.

हे कळलं कसं नाही? कारण आपण तपासलं ते फक्त बाहेरचं. नवा राउटर लागला, पडद्यावर चेहरे लख्ख आले, टाळ्या वाजल्या. त्याच संध्याकाळी खिडकीजवळच्या आजींनी पाण्यासाठी बटण दाबलं, तर घंटा वाजली आणि बाई आल्यासुद्धा! पेटीला जुना पत्ता काही वेळ लक्षात राहतो म्हणे. मग तो पुसला जातो. आपल्याला वाटलं, सगळं ठीक आहे.

आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ. आपला इतक्या वर्षांचा शिरस्ता काय होता? चहानंतर प्रत्येक खोलीनं एकदा बटण दाबायचं आणि बाईंनी टेबलावरून ओरडायचं. "ऐकू आलं काका, अजून आहात!" "आजी, एकदाच दाबा, मी बहिरी नाही!" ती आपली हजेरी होती, तीच घंटेची तपासणी होती. त्या सकाळी ती झाली नाही. आपण सगळे या दालनात पडद्यापुढे रांग लावून बसलो होतो. टेलरमास्तर दारातून डोकावून म्हणाले, "अरे, आज घंटा राहिली की." रांगेतून कुणीतरी म्हणालं, "लेकीचं तोंड बघू की घंटा बडवू?" ते हसले आणि खोलीत परत गेले. त्यांना पडद्याचं काम नव्हतं. त्यांचा मुलगा याच गावात, गॅरेजमध्ये. तो रोज कामावर जाता जाता स्वतः यायचा.

त्या दिवशी तो आला, तेव्हा मास्तरांचा श्वास संपलेला होता. हात बटणावर. पेटीवरचा हिरवा दिवा लागलेला.

तो दिवा काय सांगतो? बटण दाबलं गेलं, एवढंच. हाक पोहोचली, असं तो सांगत नाही. पण हे त्या पोराला कोण सांगणार? तो धावत टेबलाशी आला. बाई तिथंच होत्या, गोळ्यांच्या पुड्या बांधत. सगळ्या घंटा टेबलावर येतात, म्हणून त्या वेळेत टेबल सोडायचं नाही, हा त्यांनीच घालून घेतलेला नियम.

"दिवा लागलाय! बापानं हाक मारली माझ्या! झोपला होतात का?"

"घंटा वाजली नाही रे बाळा."

"मला बाळ म्हणू नका."

हे आपण सगळ्यांनी ऐकलं. पडद्यावरच्या आपल्या मुलांनीसुद्धा ऐकलं.

बाईंनी त्याच दिवशी खोल्याखोल्यांतून बटणं दाबून पाहिली. एकही वाजली नाही. मंडळ म्हणालं, घंटा आता बिघडली असेल, पण त्या सकाळी दिवा लागला म्हणजे ती वाजलीच असणार. लगेच ठराव झाला, "कर्तव्यात दुर्लक्ष." बाईंनी राजीनामा दिला. त्यानंतर दुरुस्तीला एक तंत्रज्ञ मुलगी आली. तिनं घरातल्या नावांना घरातच उत्तर मिळेल, बाकीची तेवढी बाहेर जातील, अशी जोडणी करून दिली. काम चहा निवायच्या आत झालं. मी तिला विचारलं, "म्हणजे त्या सकाळी घंटा वाजणं शक्य होतं का?" ती म्हणाली, "नाही हो आजोबा. हाक दारातूनच बाहेर गेली." सचिवसाहेब तिथंच उभे होते. त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. त्या माणसाला त्या दिवसापासून झोप नाही, हेही मला ठाऊक आहे.

मग ठराव अजून तसाच का आहे? मला उत्तर मिळालं, एकदा मंजूर झालेला ठराव वार्षिक सभेपर्यंत बदलता येत नाही. आणि टेलरमास्तरांच्या मुलाला कधी सांगणार? "योग्य वेळी कळवू." अध्यक्ष महोदय, तोवर बाई कुठल्या दवाखान्याच्या दारात काम मागायला उभ्या राहणार? "दुर्लक्ष" हा शब्द कपाळावर घेऊन त्यांना कोण पलंगाजवळ उभं करील? आणि तो मुलगा तोवर कुणाचा राग उशाशी घेऊन झोपणार? निरोपाच्या फुलांखाली आपण एक माणूस पुरायला निघालो आहोत, आणि वर मला कविता म्हणायला सांगताय.

टाळ्या नकोत. कृपा करून नकोत.

माझी मागणी लहान आहे. वार्षिक सभा वर्षातून एकदा भरते, पण मंडळाचे सगळे सदस्य आत्ता इथं बसलेले आहेत. गुच्छ देण्याआधी एवढं मोठ्यानं म्हणा, की घंटा वाजली नव्हती. बाई जाग्या होत्या. तेवढं म्हणा, मग मी खाली बसतो.

...

अध्यक्ष महोदय खाली पाहत आहेत. सचिवसाहेब, तुम्ही उठताय? नाही. पाणी घ्या, घ्या.

बरं. मग मला आवरतं घ्यायला हवं. मला बोलू दिलंत, याबद्दल मंडळाचा आभारी आहे. मावशींचा आभारी आहे, त्यांचं दूध मागे उतू जातंय तरी त्या हलल्या नाहीत. बाई, तुमचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत, आणि आयुष्यभर मी शब्दांचाच धंदा केला. बोलताना कुणाला लागलं असेल, वयाला न शोभणारं काही तोंडून गेलं असेल, तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. जे खरं आहे ते मात्र पोटात घालू नका. माझे दोन शब्द मी इथं...

दार कोण ढकलतंय? मावशी, बघा जरा.

अरे. तू?

मंडळी, मागे वळून बघितलंत तरी चालेल. टेलरमास्तरांचा मुलगा आहे. गॅरेजच्या कपड्यांतच आलाय. याला कुणी बोलावलं होतं? ...मशीन न्यायला आलास? वडिलांचं शिलाई मशीन. हो, हो, खोली आज रिकामी करायची आहे, ते आमच्या ध्यानातच राहिलं नाही. दारामागे कधीपासून उभा आहेस रे? माईकचा आवाज बाहेर ओसरीपर्यंत जातो.

...सगळं ऐकलंस.

नाही, मी काही विचारत नाही. डोळे पूस. बाह्यांना तेल आहे, हा माझा रुमाल घे.

बाई, तुम्ही का उठलात? बसा. सगळ्या खोल्यांच्या हाकेला इतकी वर्षं तुम्हीच उठून जात आलात. आज नाही. खुर्च्या सरकवा मंडळी, चाकाच्या खुर्च्या जरा भिंतीकडे घ्या, मधून वाट करा. बसा बाई. आज त्याला चालत तुमच्याकडे येऊ द्या.