शेरा : सूर्य गैरहजर

...उस्ताज शाझली, ती खुर्ची खाली ठेवा. निरोप तुमचा आहे. आज खुर्च्या आम्ही उचलणार. ठेवा. बसा. हां, त्याच खुर्चीवर बसा.

आजच्या अध्यक्षा आणि आमच्या मुख्याध्यापिका माननीय अवादियाबाई, आस्वानहून खास होडी करून आलेले प्रमुख पाहुणे, पाणीखात्याचे इंजिनिअर हिल्मीसाहेब, व्यासपीठावर बसलेले आणि व्यासपीठ लहान असल्यामुळे त्याच्या कडेला उभे राहिलेले मान्यवर, नाईलच्या या काठावरचे माझे सगळे बंधुभगिनी, आणि मुलांनो. मी सिद्दीक, शाळेचा कसरतीचा मास्तर. मला पाच मिनिटं दिली आहेत. माझं आणि घड्याळाचं कसं जमतं, ते पुढे कळेलच.

उस्ताजांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. खरं सांगायचं तर चौतीस वर्षं त्यांनी एकच माणूस शिकवला. इरॅटोस्थेनिस. बावीसशे वर्षांपूर्वी तो अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात बसला होता. कोणीतरी त्याला सांगितलं, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, भर दुपारी, आस्वानला सूर्य विहिरीच्या तळाशी उतरतो. काठीला सावली पडत नाही. अलेक्झांड्रियात मात्र त्याच दुपारी काठीला सावली पडत होती. त्याने ती मोजली, दोन गावांमधलं अंतर विचारलं, आणि पृथ्वीचा घेर सांगितला. जवळपास बरोबर सांगितला.

होडीवाले बशरीकाका दरवर्षी विचारतात, "हा माणूस इथे आला होता का?"

उस्ताज म्हणतात, "आल्याचा पुरावा नाही."

"मग विहीर आमची आणि नाव त्याचं, हे कसं?"

"काका, अलेक्झांड्रियाने सावली दिली. आपण सावली नसणं दिलं. यात अवघड काय आहे, सांगा."

काका अजून विचार करत आहेत. ते बघा, आत्ताही करत आहेत.

बेटावरचे लोक म्हणतात, ती विहीर त्यांच्याकडे आहे. म्हणू द्या. त्यांच्या विहिरीत पाणी आहे. आमची शाळेमागची विहीर कोरडी, म्हणून तळ आम्हालाच नीट दिसतो.

दर एकवीस जूनला, सुट्टी असली तरी, शाळा भरते. उस्ताज चहाचं मोठं तबक घेऊन दोराने विहिरीत उतरतात. तबकात पाणी ओततात. मी वर काठी धरतो आणि घंटा वाजवतो. सूर्य तबकात आला की उस्ताज खालून ओरडतात, "आला!" मग अलेक्झांड्रियाला त्यांच्या मित्राला फोन, दोन सावल्यांची वजाबाकी, आणि सगळ्यांना करकदे, जास्वंदीचं थंड लालभडक सरबत. आमच्या काठीला नखाएवढी सावली उरतेच. उस्ताज ती लपवत नाहीत. नखही मोजायचं, असं ते सांगतात.

आता गेल्या वर्षीचं. हिल्मीसाहेब, हसू नका.

त्या वसंतात विहिरीत अवादियाबाईंची शेळी पडली. शेळी सुखरूप आहे, समारंभालाही आली आहे, ती हार खाते आहे तीच. पण अर्ज गेला, आणि साहेब विहिरीवर सिमेंटचं झाकण टाकायचं का ते पाहायला आले. उस्ताज म्हणाले, "एकवीसला दुपारी ये. सूर्य तळाशी दिसला तर विहीर उघडी ठेव. मी कठडा बांधून घेतो." साहेब त्यांचेच विद्यार्थी. "ठरलं, उस्ताज," म्हणाले.

साहेब आले. उस्ताज खाली उतरले. बाराच्या ठोक्याला मी घंटा वाजवली. साहेबांनी वाकून पाहिलं. खाली अंधार, अंधारात उस्ताज, उस्ताजांच्या हातात तबक. साहेबांनी अर्जावर शेरा लिहिला, "सूर्य गैरहजर." आणि गेले.

सरकारने त्या उन्हाळ्यात घड्याळं एका तासाने पुढे केली होती. सूर्याला ते परिपत्रक मिळालं नव्हतं. तो नेहमीच्या वेळी आला, म्हणजे एकला दहा कमी असताना. उस्ताज खालून ओरडले, "आला!" वर कोणी नव्हतं. आम्ही जेवायला गेलो होतो. दोर बशरीकाकांचा असल्यामुळे काका तोही घेऊन गेले होते.

उस्ताज तीन वाजता वर आले. माझ्या घंटेला घेतलेल्या सावल्यांच्या आकड्यांवरून पृथ्वी त्या दिवशी दीडपट झाली होती. तक्रार कोणाचीच आली नाही.

त्यांनी विचारलं, "घंटा कोणाच्या सांगण्यावरून?" मी म्हणालो, "मुख्याध्यापिकांच्या." अवादियाबाई, ते खोटं होतं. तुम्ही त्या दिवशी शेळीला घेऊन डॉक्टरकडे गेला होतात. घंटा माझी, घड्याळ माझं, चूक माझी. वर्षभर गप्प राहिलो.

हुकूम या आठवड्यात आला. झाकण उद्या सकाळी पडणार आहे. उद्या एकवीस जून आहे.

काय म्हणालात, साहेब? "हुकूम निघालाय, सिमेंट भिजवायचं बाकी आहे." ठीक. आणि काय? "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं."

पाहिलंत, साहेब. तो ग्रीक कधी इथे आला नाही, त्याने ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला, आणि त्याची पृथ्वी बरोबर निघाली. तुम्ही स्वतः आलात, वाकून पाहिलंत, आणि चुकलात. फरक फक्त माझ्या घंटेचा. तुम्ही उस्ताजांच्या वर्गात असताना परीक्षेत प्रश्न होता, पृथ्वी कशाने मोजली? तुम्ही लिहिलंत, "काठीने." उस्ताजांनी अर्धे गुण दिले. उरलेले अर्धे सावलीचे होते. ते अजून तुमचे झालेले नाहीत.

माझी विनंती एवढीच. झाकण टाका. पण दुपारी एकनंतर टाका. उस्ताजांना एकदा, वर कोणीतरी उभं असताना, "आला" म्हणू द्या.

उस्ताज, डोळे पुसू नका, करकदेचे हात आहेत, डाग पडतील. मंडप देणाऱ्यांचे, करकदे करणाऱ्या उम्म सईदांचे, आणि उन्हात बसून ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर ते माझ्या घड्याळाच्या खाती टाका आणि मला सोडून द्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सिमेंटची होडी आली. मजुरांनी गोण्या उतरवल्या आणि त्यांच्यावरच बसले. पाठोपाठ हिल्मीसाहेब आले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून उस्ताजांच्या हाती दिलं, तबक घेतलं आणि दोराने विहिरीत उतरले. साडेनऊच वाजले होते. लवकर आहे, असं त्यांना कोणी सांगितलं नाही. दोराचं वरचं टोक बशरीकाकांनी स्वतःच्या कमरेला बांधून घेतलं.

घंटा मी वाजवली नाही.