‘माझ्यात’ की ‘माझ्या चहात’

नाव: ओळखपत्रावर आहे तेच, पण खानावळीत सगळे भिंगरी म्हणतात. वय: २३ वर्षे. शिक्षण: दहावी, दोनदा. धंदा: खानावळीत वाढपी व भांडी घासणे, त्याआधी मंडप बांधणे, बोटीला रंग देणे, मेंढ्या मोजणे. (हवालदारकाका म्हणाले, एकच लिही. मग वाढपी.) राहणार: खानावळीचा पोटमाळा. कायमचा पत्ता: नाही.

मी वरील इसम आज सोमवारी सकाळी १०.४० वाजता कोणी न बोलावता ठाण्यात हजर होऊन पुरवणी जबाब देतो तो असा की,

माझा पहिला जबाब गेल्या गुरुवारी हवालदारकाकांनी लिहून घेतला. त्यात एक शब्द चुकला. त्या एका शब्दामुळे आमच्या खानावळीच्या स्वयंपाकीण मावशी शुक्रवारपासून या ठाण्यात बाकावर बसून आहेत. म्हणून हा जबाब साहेबांच्या परवानगीने मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाईट आहे, पण शब्द माझे आहेत.

मागच्या सोमवारी दुपारी खानावळीत चाळीस माणसे जेवली. मंगळवारी संध्याकाळपासून उलट्या-जुलाब सुरू झाले. बुधवारी दुपारपर्यंत तेहतीस जण आडवे झाले. संडास दोन आहेत. जास्त लिहीत नाही. उरलेल्या सातांपैकी सहा जण गिऱ्हाईक, आणि स्वयंपाकघरातला मी एकटा. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "हा दोन माणसांचं जेवतो आणि ह्यालाच काही होत नाही? काहीतरी काळंबेरं आहे." मी म्हणालो, "शेठ, पायाला भिंगरी आहे, रोगाला गाठता येत नाही." कोणी हसले नाही. हसण्यासारखी कोणाची तब्येत नव्हती.

आजाऱ्यांना मी टेम्पोत घालून इस्पितळात नेले. चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला लॅबवाल्या ताईंनी मला थांबवले, बोटातून रक्त घेतले आणि हातात काचेची नळी दिली.

"थुंक ह्यात."

"ताई, इथं भिंतीवर लिहिलंय थुंकू नका."

"शहाणपणा नको. थुंक."

ताईंनी माझी थुंकी उकळली. (हे मी डोळ्यांनी पाहिले. त्याआधी एका गावात मी थुंकी लावून चामखीळ घालवणारा बाबा पाहिला होता, त्याची हकीकत साहेबांनी वेगळ्या कागदावर लिहायला सांगितली आहे.) मग त्यात दोन प्रकारचे थेंब टाकून त्यांनी नळी हलवली आणि उजेडात धरली. त्यांनी सांगितले ते मला कळले तसे लिहितो. रक्तगट म्हणजे रक्ताच्या पेशींच्या अंगावर लटकलेल्या साखरेच्या बारीक साखळ्या. ही साखर चहातली नव्हे, जात तीच पण घराणे वेगळे. साखळीच्या टोकाला एक मणी असला की ए गट, दुसरा असला की बी, दोन्ही असले की एबी, कुठलाच नसला की ओ. बहुतेकांच्या थुंकीत आणि आतड्याच्या आतल्या बाजूलाही अशाच साखळ्या असतात. पाचातल्या एखाद्याच्या तिथे त्या नसतात. माझा गट रक्तात बी, थुंकीत कोरा. आणि हा उलट्यांचा विषाणू आतड्यात त्याच साखळ्यांना धरून शिरतो.

"म्हणजे त्याला दार उघडायला कडीच नाही?" मी विचारले.

"कडीच नाही. पण मिजास करू नकोस. त्याचा दुसरा भाऊबंद तुलाही धरेल. आणि तुझ्यासारख्यांना दुसरे काही आजार जास्त होतात. ओ गटवाल्यांचंच बघ, जीवघेणा हिवताप त्यांना कमी, पण पटकी झाली तर जोरात. फुकट काही मिळत नाही."

खानावळीमागच्या पहिल्या नंबरच्या खोलीत भाड्याने राहणारा टायरवाला रविवारी बहिणीकडून पोट बिघडूनच आला होता आणि पिण्याच्या पिंपात हात घालून तांब्या भरत होता. त्याच्या आणि बाकीच्यांच्या नमुन्यांत तोच विषाणू निघाला असे ताई म्हणाल्या. तसा कागद त्यांनी आज सकाळी दिला, तो सोबत जोडला आहे.

मालकांनी जेवणात कोणी विष घातल्याची तक्रार दिली, म्हणून गुरुवारी मला जबाबाला बोलावले. वर पंखा खडखडत होता. हवालदारकाकांनी विचारले, "तू कसा काय वाचलास?" मी म्हणालो, "माझ्यात साखर नाही म्हणून." त्यांनी लिहिले, "माझ्या चहात साखर नाही म्हणून." नंतर वाचून दाखवले. मला खिडकीतून उंटवाला दिसला आणि मी हो म्हणालो. ही चूक माझी.

त्या ओळीवरून विष साखरेत होते असे ठरले. साखरेच्या डब्याची किल्ली मावशींच्या कमरेला असते. मावशींना शुगर आहे, त्या चहा बिनसाखरेचा घेतात. म्हणजे स्वतः साखर न खाणारी आणि साखरेची किल्ली बाळगणारी बाई सापडली. शुक्रवारी त्यांना आणले आणि डबा लाख लावून जप्त केला. तपासणीचा अहवाल तीन आठवड्यांनी येणार आहे.

याबाबत माझे म्हणणे असे की, मी चहात तीन चमचे साखर घेतो, हे मालक शिव्या देऊन सांगतील. आणि बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या मावशींना त्या मंगळवारी सहा उलट्या झाल्या. मी बादली धरली होती. मालक म्हणतात ते सोंग होते. मी सोंगे पुष्कळ पाहिली आहेत, सहावी उलटी सोंगाची नसते.

शुक्रवारी सकाळीच मी पिशवी घेऊन निघालो होतो. कुठे ते ठरले नव्हते. काल रविवारी राहिलेल्या शर्टाबद्दल फोन केला तेव्हा मालक म्हणाले, "शर्ट ने, आणि तुझ्या मावशीला पण ने. तुझ्याच जबाबावर आत बसलीय." रात्रभर बसचा प्रवास करून आलो. मावशींच्या गोळ्या चहाच्या डब्यामागे होत्या, त्या आणल्या. चार दिवस त्यांनी मागितल्या की नाही, ते विचारले नाही.

मावशी मला बघून म्हणाल्या, "मेल्या, गेलास तो बरा होतास. परत कशाला आलास?" मग म्हणाल्या, "जेवलास का?"

११.१० वाजता हवालदारकाकांनी मला चहा दिला. गोड होता. शेवटच्या घोटाला तोंडात लवंग आली. मी विचारले, "काका, तुम्ही चहात लवंग घालता का?" ते म्हणाले, "छे रे, लवंग कुठली परवडते आम्हाला." मावशी मुंग्या लागू नयेत म्हणून साखरेच्या डब्यात लवंगा टाकतात. दर डब्याला अकरा. मी ते साहेबांना सांगितले. साहेबांनी आपला कप पाहिला. त्यातही एक होती.

मुद्देमालाचे कपाट उघडले. डब्याची लाख मागच्या बाजूने उचकटलेली होती. साखर चार बोटे खाली गेली होती. ठाण्यात दिवसाचे तीन चहा होतात. शुक्रवारपासून आठ जण पीत आहेत. आठही जण आज कामावर हजर आहेत, हजेरीपट पाहावा. साहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बाईंना सोडा." मावशींनी आधी गोळी घेतली.

हा जबाब मी स्वतः लिहिला असून हवालदारकाकांना दोनदा वाचून दाखवला. ‘माझ्यात’ हा शब्द त्यांनी पंखा बंद करून पुन्हा एकदा ऐकला. सर्व मजकूर बरोबर असल्याचे त्यांना मान्य आहे. फक्त लवंगेचा भाग गाळावा अशी त्यांची विनंती होती. गाळलेला नाही.

सही: भिंगरी

सोबत: लॅबचा कागद एक. लवंग दोन, पुडीत.