थोरल्याच्या दारातली बोलायची खोली

मला एक सांगा, आईनं लेकीला 'जेवलीस का?' एवढं विचारायचं, तर त्या एवढ्याशा प्रश्नानं अख्खा समुद्र ओलांडून परक्या मुलखात जायचं, तिथं कुठल्याशा गार खोलीतल्या कपाटात शिरायचं, बाहेर पडायचं, पुन्हा तोच समुद्र ओलांडायचा आणि मग लेकीच्या कानात पडायचं... तोवर लेक जेवून, भांडी घासून आडवी झालेली! हे काय बोलणं झालं? आणि तक्रार करावी, तर थोरला म्हणणार, "मला तर स्पष्ट ऐकू येतंय!"

पण थांबा, असं मधूनच नको, रीतसर सांगते.

तर एका लाँड्रीच्या डोक्यावर दोन खोल्या होत्या, त्या खोल्यांत एक शिवणवाली राहत होती. नवरा केव्हाच गेलेला. तिला एक मुलगा होता, एक मुलगी होती आणि कपडे बेतायचा एक पुतळा होता. मुलगा थोरला, तो साता समुद्रांपलीकडे उंच उंच इमारतींत लिफ्ट बसवायचा. मुलगी धाकटी, ती डोंगरातल्या दवाखान्यात नर्स होती आणि तिचा नवरा बेकरीवाला. पुतळ्याला डोकं नव्हतं, म्हणून तो कुठं गेला नाही, आईजवळच राहिला.

आता तुम्ही म्हणाल, फोन नव्हता का? होता हो! पण धाकटीच्या डोंगरात मोबाइलला रेंज कुठली? गच्चीवर चढून एक हात वर केला, तर 'हॅलो'तलं 'लो' तेवढं पोचायचं. घरात वायरनं आलेलं इंटरनेट होतं, तेवढाच आधार. मग थोरल्यानं काय केलं, तो मित्रांबरोबर कॉम्प्युटरवर मारामारीचे खेळ खेळायचा, खेळता खेळता बोलायला त्यांची एक बोलायची खोली होती, तशीच एक घरच्यांसाठी करून टाकली. "आई, रविवारी संध्याकाळी आत यायचं, कानाला हेडफोन लावायचा, की आपण तिघं एकाच खोलीत बसल्यासारखं!" एकाच खोलीत! त्या बाईला किती आनंद झाला म्हणून सांगू? पहिल्या रविवारी तिनं केस विंचरून चांगली साडी नेसली, टेबलावरच्या चिंध्या आवरल्या. आवाजच जाणार होता, तोंड थोडंच दिसणार होतं? पण माणसं यायची म्हटल्यावर आवरायला नको?

आणि मग काय सांगता! ही म्हणाली, "धाकटे, कशी आहेस?" ...गप्प. हिला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाली, "अगं, कशी आहेस?" तोच तिकडून पहिल्याचं उत्तर आलं, "बरी आहे," मग दुसऱ्याचं, "अगं बरी आहे म्हटलं ना!" झालं! लेक वैतागली. मग दोघी एकदम बोलायला लागायच्या, दोघी एकदम थांबायच्या, "तू बोल," "नाही, तू बोल," "बरं, मी बोलते," "बरं, मी बोलते..." पुन्हा दोघी गप्प! एका अरुंद जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली, की एकदम उजवीकडे, एकदम डावीकडे नाचतात ना, तसं. आणि मध्येच थोरला, "काय चाललंय तुमचं? मला तर स्पष्ट ऐकू येतंय!"

त्याला येणारच की स्पष्ट! ती खोली उघडताना कॉम्प्युटरनं विचारलं होतं, सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं बोलणं ज्यातून जातं ते गार खोलीतलं कपाट, कुठल्या गावचं हवं? त्यानं आपल्या शहराजवळचा निवडला. खेळाची सवय. "आई, खेळात जरासा उशीर झाला की माणूस मरतो!" "मरतो?" "खोटा खोटा गं." बघा! खोट्या खोट्या मरणासाठी त्यानं खोली आपल्या दारात बांधून घेतली. आईचं बोलणं आधी त्याच्या दारात, तिथून मग धाकटीकडे. धाकटीचं उत्तर आधी त्याच्या दारात, तिथून मग आईकडे. त्याला अर्धा रस्ता आणि या दोघींना दोन्हीकडून पुरता! बसनं निघालं तर आई-लेकींत अर्ध्या दिवसाची वाट, पण बोलायचं ते जगाला वळसा घालून! पण हे तेव्हा कुणाला ठाऊक? शिवणवालीला वाटायचं, आपलंच काही चुकतंय. ती आपली बोलून झालं की ओठ घट्ट मिटून बसायची, कुकरची शिट्टी व्हायची वाट बघावी तशी.

पण तरी रविवार होता. बाकीच्या वारांना काय होतं? लोक तयार कपडे घ्यायला लागले होते. उसवलेली चेन नाहीतर पँटची उंची, याखेरीज कुणी जिना चढेना. सुईत दोरा ओवायला खिडकीशी जावं लागायचं. खालचा लाँड्रीवाला दिसला तर मान हलवायचा, बस. एकदा दूधवाला दार वाजवून परत निघाला, ही 'थांबा' म्हणायला गेली तर घशातून आवाजच फुटेना! किती दिवसांत तोंडच उघडलं नव्हतं! बाई तिथंच पातेलं घेऊन उभी राहिली. दूधवाला गेला. आणि त्या दिवशी तिनं ठरवलं, धाकटीला विचारायचं, मी तुझ्याकडे राहायला येऊ का?

विचारायचं म्हणजे काय सोपं असतं होय? आठवडाभर तिनं पुतळ्यावर तालीम केली. "मी येऊ का गं राहायला?" नको, फार रडवेलं झालं. "मी म्हणते, येऊन बघावं चार दिवस..." नको, पाहुणी वाटते. पुतळा काही बोलला नाही. म्हणून तर तिला तो आवडायचा.

रविवार आला. थोरला आत, धाकटी आत. इकडचं तिकडचं झालं आणि शिवणवालीनं डोळे मिटून विचारून टाकलं, "धाकटे, मी तुझ्याकडेच येऊन राहू का?"

...गप्प.

हो, ठाऊक होतं तिला, उत्तराला वेळ लागतो. पण दरवेळी ठाऊक असतं तेवढं त्या वेळी ठाऊक असतं का? त्या गप्प बसण्यात तिला काय काय ऐकू आलं! लेकीनं नवऱ्याकडे बघितलेलं ऐकू आलं, नवऱ्यानं भुवई उडवलेली ऐकू आली, 'आता हिला झोपवायचं कुठं' ते ऐकू आलं... आणि मग बाईला राहवेना. एकदम हसली. "अगं गंमत केली! मला इथं काय कमी आहे?"

आणि ते बोलून होतंय न होतंय, तोच हेडफोनमध्ये धाकटीचा आवाज, "ये ना आई! ये!"

आता काय कळायचं तिनं? गंमत केली म्हटल्यावर 'ये' म्हणायला कुणाचं काय जातंय! तोंडदेखलं ते. तिनं हेडफोन काढून पुतळ्याच्या गळ्यात अडकवला.

पुढच्या रविवारी तिचं डोकं दुखलं. त्याच्या पुढच्या रविवारी पाय. मग नुसतंच "आज नको." थोरला फोन करून विचारायचा, "आई, यंत्र बिघडलंय का? कारण मला तर स्पष्ट ऐकू येतंय!" आणि धाकटी? ती तिकडे मुकी झालेली. बेकरीवाला म्हणायचा, "अगं विचार की आईंना पुन्हा!" तर ही म्हणायची, "काही नको! एकदा 'ये' म्हटलं तर 'गंमत केली' म्हणून हसल्या बाईसाहेब!"

शेवटी थोरल्याला सुट्टी मिळाली आणि तो आला. जिना चढून आत येतो तर काय, पुतळ्याच्या गळ्यात हेडफोन आणि आई पुतळ्याला सांगतेय, "आज ढग आलेत बरं का." पोरगा दारातच उभा राहिला. मग नाक ओढत म्हणाला, "ते काही नाही, आज रविवार आहे, चल आत!" आपल्या फोनवर खोली उघडली, आवाज मोठा केला, दोघं मायलेक त्या फोनसमोर बसले. तिकडून धाकटी आली. "काय गं, रागावलीस की काय आमच्यावर?" थोरल्यानं विचारलं.

...गप्प.

थोरला आईकडे वळून म्हणाला, "बघ, रागावलीय! बोलतसुद्धा नाही!" तोच फोनमधून, "नाही रे दादा, रागावू कशाला?" तर हा म्हणतो, "हां, आता मी बोललो म्हणून नाही म्हणतेस होय!" पुन्हा गप्प. हा फोन हलवतोय, आपटतोय, "अरे, हे काय चाललंय? असं का होतंय?" आणि शिवणवाली हाताची घडी घालून, अगदी गंभीर तोंडानं, "मला तर स्पष्ट ऐकू येतंय."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा बाईच्या तोंडावर हसू आलं. पण थोरला हसेना. तो एकदम म्हणाला, "आई, त्या दिवशी तू आधी 'गंमत केली' म्हणालीस, की तिनं आधी 'ये' म्हटलं?"

"मी आधी! ती मग तोंडदेखलं म्हणाली."

तिकडून उशिरानं धाकटी उसळली, "खोटं! मी आधी म्हटलं! तू मग हसलीस!"

"अगं, मी माझ्या कानानं ऐकलं!"

"मग माझे कान काय भाड्याचे आहेत?"

थोरल्यानं कपाळ धरलं. "मीही 'ये' आधी ऐकलं. मला वाटलं, आईलाच जायचं नाहीये. म्हणून मी काही बोललो नाही..." मग त्यानं सांगितलं, सर्व्हर काय, तो कुठं आहे, बोलणं कुठून कुठं जातं. धाकटीचं 'ये' निघालं होतं, वाटेत होतं, समुद्रावर होतं आणि इकडे आईचा धीर सुटला. शिवणवाली ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे समोरच्या घरी वाटीभर साखर द्यायला आधी विमानात बसायचं? आणि तू गप्प बसलास होय रे शहाण्या?"

थोरल्यानं कान पकडले. खाली मान घालून त्यानं फोनवर काही काही दाबलं, खोली आपल्या दारातून उचलली आणि आई-लेकींच्या जवळच्या शहरात आणून ठेवली. "आता विचार," म्हणाला.

"आता काय विचारायचं, एकदा विचारलं की!"

"आई, विचार!"

बाईनं पदर तोंडाशी नेला. "धाकटे, मी येऊ का गं..."

"ये!" 'राहायला' म्हणायचं राहूनच गेलं! "ये, ये, आजच ये, बेकरीच्या मागची खोली कधीची झाडून ठेवलीय, ये गं!" आणि मागून बेकरीवाल्याचा आवाज, "आई, मशीनसुद्धा आणा, माझे सगळे ॲप्रन फाटलेत!" बाई नुसती रडत होती, पण ते रडणंसुद्धा तिकडे वेळेवर पोचलं हो!

गेली ती. मशीन गेलं, पुतळा गेला, थोरल्यानं खांद्यावरून नेला. आता बेकरीत पहाटेपासून बोलणं, पाव घ्यायला येणारं प्रत्येक माणूस हिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय हलत नाही आणि शिलाईचं काम तर पुरून उरतं. असं त्या घराचं भलं झालं.

एवढंच, की थोरला सुट्टी संपवून परत गेला. खोली इकडे आली तरी तो तिकडेच ना! रविवारी ही तिघं फोनभोवती बसतात, बेकरीवाला काहीतरी विनोद करतो, सगळी हसतात, हसून गप्प होतात, चहाचे कप उचलतात... आणि मग तिकडून थोरल्याचं हसू येतं. एकट्याचं. की लगेच शिवणवाली कप खाली ठेवते आणि पुन्हा पहिल्यापासून हसायला लागते.

बेकरीवाला विचारतो, "आई, आता कशाला हसताय?"

"अहो, त्याचं आत्ता पोचलंय... हसा की जरा, तुमचं काय जातंय!"